महागडं चावीचं घड्याळ: विकत घेण्याआधी बघायचं कसं

शोरूममध्ये घड्याळ एकदा मनगटावर चढलं, आरशासमोर हात वळवून झाला, की मन अर्धं तिथंच अडकतं. मग किंमत ऐकूनही हात मागे येत नाही. म्हणून खरं बघणं त्याआधी व्हायला हवं, घड्याळ अजून मखमलीच्या ट्रेमध्ये असताना, भिंग डोळ्याला लावून. ते बघणं पायरीपायरीनं कसं करायचं, हे इथं लिहितोय.

एक गोष्ट आधीच बोलून घेऊ. वेळ कळण्यासाठी लाखो रुपये मोजायची गरज नाही. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि हजार रुपयांचं असं घड्याळसुद्धा महिन्याला साधारण पंधरा-वीस सेकंदच चुकतं. चार लाखांचं चावीचं घड्याळ दिवसाला चार-पाच सेकंद चुकलं तरी आपण त्याला चांगलं म्हणतो. पैसे जातात ते माणसाच्या हाताला. कुणीतरी तासन्‌तास बसून घासलेली कड, एकेक करून बसवलेले अंक, सेलशिवाय फक्त एका गुंडाळलेल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, चालणारं यंत्र. हे कष्ट त्या घड्याळात खरंच आहेत की फक्त जाहिरातीत आहेत, ते डोळ्यांनी ओळखता येतं. त्यासाठी घड्याळजी व्हावं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, घरातली फूटपट्टी आणि दुकानातली ट्यूबलाइट एवढ्यावर काम भागतं.

पायरी १: दुकानात जाण्याआधी मनगट मोजा

आयुष्यातलं पहिलं चांगलं घड्याळ घेताना मी फक्त व्यास विचारला होता. ४२ मिलिमीटर. ऐकायला बरं वाटलं. घरी आल्यावर लक्षात आलं की पट्टा जिथं अडकतो ते चार पाय, म्हणजे लग, माझ्या मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर लोंबतायत. घड्याळ उत्तम होतं, पण माझ्या हाताचं नव्हतं. विकताना चांगलाच फटका बसला.

तेव्हा व्यासापेक्षा महत्त्वाचं माप म्हणजे वरच्या लगच्या टोकापासून खालच्या लगच्या टोकापर्यंतची लांबी. हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाचा वरचा सपाट भाग फूटपट्टीनं मोजा. हे माप ५२ मिलिमीटर भरलं, तर लगची लांबी ४८च्या आत ठेवा. बहुतेकांना यातच शोभतं. पट्टा आणि केस, म्हणजे घड्याळाचा धातूचा डबा, एकसंध असलेल्या घड्याळांत मात्र फसगत होते. तिथं पट्ट्याची पहिली कडी लगसारखीच ताठ बाहेर येते, त्यामुळे कागदावरचा आकडा कमी असूनही घड्याळ मोठं बसतं. अशा वेळी त्या कडीपासून मोजायचं.

जाडीही बघा. १० मिलिमीटरच्या आतलं घड्याळ शर्टाच्या कफाखाली सहज सरकतं. १३-१४ मिलिमीटरचं अडकतं, दाराच्या चौकटीलाही आपटतं.

पायरी २: हातानं चावी की ऑटोमॅटिक

दोन्हींची तत्त्वं एकच. गुंडाळलेली कमान सुटत जाते, तिची ताकद दातेरी चाकांमधून पुढे जाते आणि शेवटी एस्केपमेंट नावाची यंत्रणा ती ताकद एका वेळी एकेक घास देत सोडते. बॅलन्स व्हील केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या जोरावर मागे-पुढे झुलत राहतं आणि तो घास कधी द्यायचा हे ठरवतं. टिकटिक ऐकू येते ती इथून. ऑटोमॅटिकमध्ये फक्त एक वजनदार रोटर वाढतो. तो हात हलला की फिरतो आणि कमान गुंडाळत राहतो.

माझं मत हातानं चावी द्यायच्या घड्याळाकडे झुकतं, आणि त्याचं कारण घरातलं आहे. वडिलांच्या एचएमटी जनताला रोज सकाळी चावी द्यायचं काम माझ्याकडे होतं. बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या मदतीनं १९६१ साली एचएमटीची घड्याळं निघायला लागली, आणि पुढे लग्नात, निवृत्तीला, दहावीच्या निकालाला तीच दिली गेली. अंगठा आणि तर्जनीत चावी धरून फिरवताना आधी हलकी लागायची, मग हळूहळू जड होत जायची आणि एका क्षणी थांबायची. तिथून पुढे जोर लावायचा नाही, हे वडिलांनी एकदाच सांगितलं होतं. आज लाखोंचं हातचावीचं घड्याळ घेतलं तरी नियम तोच, थांबली की थांबायचं. ऑटोमॅटिकमध्ये कमान भरली की आतली पकड घसरते, त्यामुळे चावी थांबत नाही.

रोज एकच घड्याळ घालणार असाल तर ऑटोमॅटिक सोयीचं. आलटूनपालटून घालणार असाल तर हातचावीचं घ्या; ते पातळ मिळतं, आणि मागून बघताना रोटर आड येत नाही. हा मुद्दा पाचव्या पायरीला फार कामाला येईल.

पायरी ३: तबकडी भिंगातून बघा

इथं घाई करू नका. साधारण पंधरा मिनिटं द्या. विक्रेता कंटाळला तरी चालेल.

सुरुवात काट्यांपासून. मिनिटकाट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतंय का? सेकंदकाटा बाहेरच्या रेघांना स्पर्श करतोय का? जिथं काटे आखूड पडतात, तिथं बहुतेक वेळा तेच काटे वेगवेगळ्या मापांच्या केसमध्ये वापरलेले असतात. मग काट्याची कड बघा. चांगल्या काट्याला मध्ये धार असते, दोन उतार असतात. एक उतार उजळतो तेव्हा दुसरा काळा दिसतो. साध्या काट्याला ही धार नसते, तो पत्र्यातून कापल्यासारखा सपाट दिसतो.

निळ्या काट्यांचं एक गुपित आहे. पोलाद तापवून, साधारण ३०० अंशांच्या आसपास, जो निळा रंग येतो तो रंगाचा थर नसतो, पोलादाच्या पृष्ठभागावरच तयार झालेला असतो. असा काटा एका कोनातून जवळजवळ काळा आणि दुसऱ्या कोनातून झगझगीत मोरपिशी दिसतो. रंगवलेला निळा काटा मात्र कुठूनही बघा, तेवढाच निळा. घड्याळ हातात घेऊन हळूहळू वाकवा, लगेच कळतं.

आता अंक आणि रेघा. छापलेल्या रेघेची कड भिंगातून स्वच्छ असली पाहिजे, शाई पसरलेली नको. बसवलेल्या धातूच्या खुणा असतील तर बाराच्या, सहाच्या आणि नऊच्या खुणा एकमेकींशी सरळ आहेत का ते बघा. ग्रँड सेइकोच्या घड्याळांत या खुणांना इतके पैलू असतात, की खोलीत थोडा उजेड असला तरी एखादा पैलू तो पकडतोच. त्यांचं २०२१ साली आलेलं पांढऱ्या बर्च झाडांच्या सालीसारख्या तबकडीचं घड्याळ त्याच वर्षी जिनिव्हात घड्याळांसाठी होणाऱ्या ग्राँ प्री स्पर्धेत पुरुषांच्या घड्याळाचं पारितोषिक घेऊन गेलं. जपानच्या इवाते प्रांतात शिझुकुइशीला त्यांची कार्यशाळा आहे आणि बर्चची झाडं त्याच मुलखातली. ती तबकडी फोटोत पांढरी, खरबरीत दिसते. हातात घेतल्यावर त्या उभ्या रेषा एकसारख्या नसून झाडाच्या सालीसारख्या मध्येच तुटतात, मध्येच रुंद होतात, हे दिसतं. फोटो बघून असं घड्याळ पसंत किंवा नापसंत करू नये, असं मी मनापासून सांगेन.

तबकडीवर कोरीव जाळी असेल, ज्याला गिलोशे म्हणतात, तर ती हातानं चालवलेल्या जुन्या यंत्रावर कोरलेली आहे की ठशानं दाबलेली, ते विचारा. आणि उत्तरावर विसंबू नका, स्वतः बघा. कोरलेल्या खाचेची कड धारदार असते आणि प्रत्येक खाच स्वतंत्र चमकते. ठशाच्या खाचा जराशा गोलसर, साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या असतात. ठसा वाईट असतो असं नाही, पण कोरीव कामाचा भाव ठशाला देऊ नये.

आणि तारखेची खिडकी! मोठ्या केसच्या तबकडीत तारखेची खिडकी कडेपासून बरीच आत, मध्याकडे सरकलेली दिसली, तर समजा की मोठ्या डब्यात छोटं मशीन बसवलंय. तारखेच्या चकतीचा रंग तबकडीशी जुळतो का, आकडा खिडकीच्या मधोमध येतो का, हेही बघा. जर्मनीतल्या ग्लाशुटच्या लांगे कंपनीनं १९९४ साली लांगे १ या घड्याळात मोठ्या तारखेसाठी दोन वेगळ्या चकत्या आणि दोन खिडक्या केल्या. ती कल्पना ड्रेस्डेनच्या ऑपेरागृहातल्या, दर पाच मिनिटांनी आकडे बदलणाऱ्या घड्याळावरून आली होती. तारीख ही नंतर टाकलेली सोय नसून रचनेचा भाग असू शकते, हे त्या घड्याळाकडे बघून समजतं.

पायरी ४: ट्यूबलाइट आणि केस

केसची परीक्षा सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत खरी. घड्याळ हातात घ्या, लगची किंवा केसची आरशासारखी चकचकीत बाजू वर करा, आणि छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तीवर पाडा. आता घड्याळ हळू फिरवा. प्रतिबिंब सरळ रेघेसारखं सरकत राहिलं तर ती बाजू खरोखर सपाट घासलेली आहे. रेघ पाण्यात पडल्यासारखी डुलली, टोकाला वाकली, तर फिरत्या चाकावर घाईनं पॉलिश झालंय. ग्रँड सेइकोत ज्याला झारात्सू म्हणतात ते घासकाम नेमकं यासाठीच आहे, आणि १९६७च्या ४४जीएस या घड्याळापासून सपाट बाजू आणि धारदार कडा हीच त्यांची ओळख झाली.

मग घासलेली मॅट बाजू आणि चकचकीत बाजू जिथं भेटतात ती सीमारेषा बघा. भिंगातून ती सुरीनं कापल्यासारखी दिसली पाहिजे. घासलेल्या रेघा टोकापर्यंत एकमेकींना समांतर गेल्या पाहिजेत, मध्येच वळता कामा नयेत.

याचा धडा गिरवायचा तर ऑडेमार पिगेचं रॉयल ओक हातात घेऊन बघावं. विकत घ्यायचं नसलं तरी बघावं. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेलं हे घड्याळ १९७२ साली आलं. पोलादाचं असूनही त्याची किंमत सोन्याच्या घड्याळांशी स्पर्धा करत होती, आणि त्या वेळी अनेकांना हे पटलं नव्हतं. काचेभोवतीच्या आठ बाजूंच्या कडीचा, म्हणजे बेझलचा, वरचा भाग मॅट घासलेला, कडेचा उतार आरशासारखा. त्यावर आठ षटकोनी स्क्रू. या स्क्रूंच्या खाचा सगळ्या एकाच वर्तुळाच्या रेषेत असतात. साधा स्क्रू आवळला की त्याची खाच कुठंही थांबू शकते, मग हे कसं जमतं? कारण षटकोनी डोकं षटकोनी खड्ड्यात बसलेलं असतं, ते फिरूच शकत नाही. आवळलं जातं ते मागच्या बाजूनं. रचना आणि शोभा एकाच गोष्टीतून आल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. नकली रॉयल ओकमध्ये या खाचा वेड्यावाकड्या दिसल्या, तर पुढे बोलायची गरजच नाही.

पट्टा धातूचा असेल तर त्याच्या कड्या भरीव आहेत का, केसला लागणाऱ्या कडीत फट किती आहे आणि बकलला हातानं थोडं सैल-घट्ट करायची सोय आहे का, ते बघा. शेवटची गोष्ट आपल्याकडे चैनीची नाही. मे महिन्यात मनगट दुपारी सुजतं आणि सकाळी बरोबर बसलेला पट्टा दोन वाजता रुतायला लागतो.

पायरी ५: घड्याळ उलटं करा

मागे काच असेल तर मशीन दिसतं. बहुतेक लोक इथं चाकं फिरताना बघून खूश होतात. तुम्ही कडा बघा.

मशीनच्या पट्ट्यांवर, ज्यांना ब्रिज म्हणतात, समांतर पट्टे असतात. जिनिव्हा पट्टे म्हणून ते ओळखले जातात. एका ब्रिजवरचा पट्टा शेजारच्या ब्रिजवर नेमका पुढे सुरू होतो का? मग ब्रिजच्या कडेला तासलेला उतार शोधा. हा उतार यंत्रानंही निघतो, पण मग तो एकसुरी आणि फिका दिसतो. हातानं घासलेला उतार थोडासा गोलाई घेतो आणि उजेडात चांदीच्या तारेसारखा चमकतो.

सगळ्यांत मोठी खूण म्हणजे आतला कोपरा. दोन उतार जिथं आतल्या बाजूला, खोलीच्या कोपऱ्यासारखे भेटतात, तिथं फिरतं हत्यार पोचत नाही. ते कोपरा गोल करून टाकतं. तो कोपरा टोकदार, स्वच्छ दिसला, तर तिथं माणसाचा हात लाकडाची काडी आणि पॉलिश घेऊन पोचलेला आहे. दहा लाखांच्या पुढच्या घड्याळात मी हा कोपरा शोधतोच. नसेल तर ते पैसे कशाचे, हा प्रश्न दुकानदाराला विचारायला लाजू नका. जिनिव्हात बनलेल्या उत्तम घड्याळांना मिळणारा जिनिव्हा सीलचा ठसा १८८६पासून दिला जातो, आणि असलं बारीक काम हा त्याच्या कसोट्यांचा भाग आहे.

स्क्रूची डोकी बघा, खाचेच्या कडाही तासलेल्या आहेत का. एखादा पोलादी भाग एका कोनातून पूर्ण काळा, आणि जरा हलवला की पांढराशुभ्र दिसला, तर ते काळं पॉलिश. ते जस्ताच्या किंवा तशाच सपाट पाट्यावर हातानं घासत तासन्‌तास करावं लागतं.

लांगेच्या घड्याळात बॅलन्स व्हीलवरचा छोटा ब्रिज कारागीर हातानं, साचा न लावता कोरतात. त्या नक्षीवरून कोणत्या कारागिराचा हात आहे हे तिथले लोक ओळखू शकतात. त्यांची मुख्य प्लेट जर्मन सिल्व्हरची असते, तिच्यावर मुलामा नसतो आणि बोटाचा साधा ठसाही उमटून राहतो. म्हणून प्रत्येक घड्याळ एकदा जुळवून, तपासून, पुन्हा पूर्ण सुटं करून, पुसून, सजवून दुसऱ्यांदा जुळवतात. हे वाचलं की ती किंमत कमी होत नाही, पण कशाची आहे ते कळतं.

मागे काच नसणं हा दोष नाही. रोलेक्सनं कित्येक दशकं बहुतेक घड्याळं बंद पाठीचीच केली. पण जिथं काच लावून मशीन दाखवलंय, तिथं ते दाखवण्यासारखं हवं. मागच्या काचेत मशीनभोवती रुंद रिकामी कडी दिसली, तर पुन्हा तीच गोष्ट: मोठा डबा, छोटं मशीन.

पायरी ६: कोणतं मशीन, आणि त्यात नवं काय

आता तीन आकडे विचारा: कंपनं, राखीव ताकद, अचूकता.

आजची बरीच घड्याळं तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. वर्षाला हा आकडा पंचवीस कोटींच्या पुढे जातो. आतलं तेल का वाळतं आणि सर्व्हिसिंग का लागतं, ते यावरून समजेल. राखीव ताकद पूर्वी ४० तासांच्या आसपास असायची. आता ७० तास सर्रास मिळतात. व्यवहारात याचा अर्थ असा, की शुक्रवारी रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी सकाळी चालूच सापडतं.

अचूकतेसाठी स्विस क्रोनोमीटर संस्थेची, सीओएससीची, कसोटी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद. मशीन पाच स्थितींत आणि तीन तापमानांत पंधरा दिवस तपासलं जातं. सहा सेकंद म्हणजे दिवसाच्या ८६,४०० सेकंदांतले सहा. एका कमानीकडून आणि काही चाकांकडून एवढं मिळतं, हे मला आजही थोर वाटतं. रोलेक्स स्वतःच्या घड्याळांना दिवसाला अधिक-उणे २ सेकंद ही मर्यादा लावतं. ओमेगाच्या मास्टर क्रोनोमीटर घड्याळांची १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही परीक्षा होते.

नव्या घड्याळांतलं माझ्या मते सगळ्यांत लक्ष देण्यासारखं म्हणजे २०२५ साली आलेलं रोलेक्सचं लँड-ड्वेलर. बाहेरून दिसतो तो चपटा, केसशी एकसंध पट्टा आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी तबकडी. पण खरी गोष्ट आत आहे. डायनापल्स नावाचं नवं एस्केपमेंट, सिलिकॉनचं, दोन चाकांनी बॅलन्सला आळीपाळीनं ढकलणारं. नेहमीच्या स्विस एस्केपमेंटमध्ये दात घासत सरकतो, इथं बरंचसं लोळत जातं, म्हणून घर्षण कमी आणि ताकदीची बचत. त्या बचतीमुळे सेकंदाला दहा ठोके देऊनही ६६ तासांची राखीव ताकद उरली, आणि केस ९.७ मिलिमीटर जाडीत बसली. इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेलं को-ॲक्शियल एस्केपमेंट ओमेगानं १९९९ साली बाजारात आणलं, त्यानंतर इतक्या मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या घड्याळात एस्केपमेंटला हात घालणं दुर्मीळच.

कंपनीनं स्वतः बनवलेलं मशीन म्हणजे नेहमी उत्तम, असं मात्र मानू नका. दोन-तीन लाखांच्या आतल्या बऱ्याच घड्याळांत सेलिटा किंवा ईटीए या मशीन बनवणाऱ्या स्विस कंपन्यांचं मशीन असतं. ते साधं आहे, दणकट आहे, आणि कुठलाही जाणता घड्याळजी ते उघडून दुरुस्त करू शकतो. कंपनीचं स्वतःचं मशीन बहुधा कंपनीकडेच पाठवावं लागतं, आणि तो खर्च आधी विचारलेला बरा.

पायरी ७: हातानं चालवून बघा

चावी ओढून काटे फिरवा. काटे चावीबरोबर लगेच हलले पाहिजेत, मध्ये झोल नको. चावी दाबल्यावर मिनिटकाटा उडी मारत नाही ना? तारीख बदलताना खटकन बदलते की अर्धा तास दोन आकड्यांत लटकते? क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय, असेल तर बटण दाबा. चांगल्यात बटण लोण्यात सुरी जावी तसं बसतं, आणि सेकंदकाटा न थरथरता निघतो.

जेगर-लकुल्त्रचं रेव्हर्सो असेल तर ते उलटून बघायलाच हवं. १९३१ साली ते निघालं त्याला कारण भारतातले पोलो खेळणारे ब्रिटिश अधिकारी होते. खेळताना घड्याळाच्या काचा फुटत होत्या, म्हणून केस सरकवून पालथी करायची आणि धातूची पाठ वर आणायची. केस जागेवर बसताना येणारा हलका ठोका ऐका. सैलसर सरकत असेल, घासत असेल तर ते घड्याळ बाजूला ठेवा आणि दुसरं मागा. वर्षभरानंतर त्या सरकण्यानंच तुम्हाला आनंद द्यायचा आहे.

पायरी ८: पाणी, कागद, पैसे

३० मीटर लिहिलं म्हणजे ३० मीटर खोल पोहता येतं असं नाही. हात धुणं, चार थेंब पाऊस, इतकंच. पोहायचं असेल तर १०० मीटर आणि शक्यतो स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी चावी. आपल्याकडे मुंबई-कोकणच्या पावसात आणि खाऱ्या हवेत रबरी सील लवकर थकतात, म्हणून मृग लागण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यायची सवय लावा. चामड्याचा पट्टा जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेलाच बरा.

दोन लाखांपुढच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं देता येत नाही. एप्रिल २०२५पासून दहा लाखांहून महाग मनगटी घड्याळावर १ टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदारानं तुमच्याकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, घेतला जातो. ती रक्कम तुमच्या नावावर जमा होते, विवरणपत्र भरताना वळती करून घ्या. वॉरंटी कार्डावर तारीख, शिक्का आणि केसवरचाच क्रमांक आहे ना, हे दुकानातच ताडून बघा. बिलावरही तो क्रमांक लिहून घ्या, विम्याला लागतो. दुबईहून किंवा अमेरिकेहून नातेवाईक आणणार असतील तर बिल सोबत ठेवून विमानतळावर जाहीर करायला सांगा. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या एफ्टा गटाशी झालेला भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे, तेव्हा इथला भाव आधी विचारून मगच बाहेरून मागवा.

पायरी ९: पहिला महिना

रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हातानं बदलू नका. त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, आणि बऱ्याच मशीनमध्ये दात तुटू शकतो. मोबाइलच्या चुंबकी कव्हरवर, स्पीकरवर घड्याळ ठेवू नका. एखाद्या दिवशी ते अचानक दोन-चार मिनिटं पुढे पळायला लागलं, तर बहुधा हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलंय. घड्याळजीकडे ते काढायला काही सेकंद लागतात, उघडावंही लागत नाही.

एका वहीत रोज सकाळी फोनशी ताडून फरक लिहा. अधिक ४, अधिक ३, उणे १. दोन आठवडे एवढंच करा. मग रात्री काढून ठेवण्याची स्थिती बदलून बघा: काही रात्री तबकडी वर, काही रात्री चावी वर करून कडेवर उभं. गुरुत्वाकर्षणाचा भार बॅलन्सवर वेगळा पडतो, आणि घड्याळ एका स्थितीत थोडं पुढे, दुसरीत थोडं मागे जातं. माझं एक घड्याळ दिवसभर हातावर तीन सेकंद पुढे जातं. चावी वर करून ठेवलं की रात्रीत तेवढंच मागे येतं, आणि सकाळी वहीत शून्य लिहितो.